पंचवीस डिसेंबरपासून मागे मोजत: आमच्या घरच्या नाताळची तयारी

2024 च्या नाताळला आमच्या बेळगावच्या घरी पंचवीसेक माणसे जमणार, हे पावसाळा संपण्याआधीच ठरले होते. पुण्याची बहीण आणि भावोजी, म्हापशाचा धाकटा भाऊ, खानापूर तालुक्यातल्या गावचे काका-काकू, मामांचे कुटुंब आणि सगळ्यांची मुले असा तो गोतावळा होता. तोपर्यंत आमच्या घरचा नाताळ आई एकटी चालवत असे आणि त्याचा एकही कागद घरात नव्हता. कोणत्या डब्यात काय जाते, शिंप्याकडे कधी जायचे, डुकराच्या मटणाचे सोरपोतेल किती शिजवायचे, हे सारे तिच्या डोक्यात असे. त्या उन्हाळ्यात तिच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली आणि फार वेळ उभे राहायचे नाही असे डॉक्टरांनी बजावले. नाताळचा दोदोल हा गोड पदार्थ तर उभे राहून घोटण्याचेच काम. त्यामुळे तयारीचा भार वहिनीवर आणि माझ्यावर आला.

मी उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत उत्पादनाचे वेळापत्रक लावण्याचे काम करतो. माल गाडीत कधी चढला पाहिजे ती तारीख आमच्याकडे आधी लिहिली जाते, आणि तिच्यापासून मागे येत मशिनिंग, ओतकाम आणि साचा यांचे दिवस ठरतात. तीच रीत मी घरी वापरली. दोनशे पानी वहीच्या शेवटच्या पानावर 25 डिसेंबर लिहिला आणि तिथून वहीच्या सुरुवातीकडे मागे येत गेलो. प्रत्येक कामापुढे दोनच गोष्टी लिहायच्या ठरवल्या: ते केल्यावर किती दिवस टिकते आणि ते कोण करणार. आईने वही पाहिली आणि म्हणाली, "वही भरली म्हणून दोदोल होत नाही बाबा." तरीही ती रोज संध्याकाळी माझ्यासमोर बसून सांगत राहिली. तिला तारखा आठवत नव्हत्या. क्रम मात्र चोख ठाऊक होता. दिवाळीचा फराळ संपला की केकची सुकी फळे रममध्ये पडली पाहिजेत, तुळशीचे लग्न लागले की लग्नसराईमुळे शिंपी हाती लागत नाही, संत फ्रान्सिस झेवियरच्या फेस्ताला (सणाला), म्हणजे 3 डिसेंबरला, घरात तांदळाचे पीठ तयार हवे. या तिच्या खुणा तारखांमध्ये बसवणे एवढेच माझे काम होते आणि माझ्या मते संपूर्ण तयारीतला तो सर्वांत उपयोगी भाग ठरला.

मागे मोजत गेल्यावर सर्वांत लांबची तारीख स्वयंपाकघरातली नसून रेल्वेची निघाली. त्या वर्षी सप्टेंबरमध्ये हुबळी-पुणे वंदे भारत सुरू झाली होती, पण ती आठवड्यातून तीनच दिवस धावत असल्यामुळे बहिणीचे येणे आणि जाणे तिच्या वारांना बांधले गेले. बसवर विसंबून राहायचे नाही हे आम्ही आधीच ठरवले होते. डिसेंबर 2022 मध्ये सीमाप्रश्नावरून तणाव वाढला, तेव्हा महाराष्ट्राच्या एसटीने कर्नाटकातल्या फेऱ्या थांबवल्या होत्या, आणि बेळगावच्या माणसाला हे नवे नाही. रेल्वेचे आरक्षण तेव्हा 120 दिवस आधी खुले होत असे; 1 नोव्हेंबर 2024 पासून ती मुदत 60 दिवसांवर आली. बहिणीची तिकिटे जुन्या नियमातच काढून झाली होती, तरी नवा नियम मी वहीत लाल शाईने लिहून ठेवला.

म्हापशाच्या भावाला चोर्ल्याचा घाट उतरण्या-चढण्याची सवय आहे, पण त्या वर्षी जुन्या गोव्यात संत फ्रान्सिस झेवियरच्या पवित्र अवशेषांचे दशवार्षिक प्रदर्शन 21 नोव्हेंबरपासून 5 जानेवारीपर्यंत होते. घाटात दोन्ही बाजूंनी गाड्यांची रांग लागणार हे उघड होते. त्याने 24 ऐवजी 22 तारखेला, रविवारी पहाटे निघावे असे ठरले. आईलाही दर्शनाला जायचे होते. ते आम्ही नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यातच, आगमनकाळ, म्हणजे नाताळाआधीचे चार आठवडे, सुरू होण्याआधी उरकले आणि येताना माडाचा गूळ घेऊन आलो, म्हणजे एका फेरीत दोन कामे झाली.

बाहेरगावच्या लोकांना बेळगावचा डिसेंबर समजावून सांगावा लागतो. सुवर्ण विधानसौधात कर्नाटक विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन भरले की मंत्री, आमदार, अधिकारी, पोलीस आणि मोर्चेकरी एकाच वेळी शहरात उतरतात, लॉज भरून जातात आणि महामार्गाकडच्या रस्त्यांवर बंदोबस्त लागतो. त्यातच 1924 साली महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली बेळगावात झालेल्या काँग्रेस अधिवेशनाची शताब्दी 26 आणि 27 डिसेंबरला साजरी व्हायची होती. नाताळच्या दुसऱ्याच दिवशी! मामांच्या कुटुंबासाठी लॉजच्या दोन खोल्या घेण्याचा विचार आम्ही तिथेच सोडून दिला आणि शेजारच्या देसाईकाकांचा रिकामा असलेला वरचा मजला मागून घेतला. मग गाद्या, उशा आणि पांघरुणे यांची यादी निघाली. किनाऱ्यावरून येणाऱ्या माणसाला बेळगावची थंडी पातळ चादरीत भागत नाही, म्हणून गावाहून घोंगड्या मागवून त्या आधीच उन्हात घातल्या.

आगमनकाळाचा विचार मात्र फाउंड्रीच्या रीतीत बसत नव्हता. 2024 मध्ये तो 1 डिसेंबरला सुरू झाला. जांभळ्या वस्त्रांचा, संयमाचा आणि वाट पाहण्याचा हा काळ असतो. मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेत, गौरवगीत म्हटले जात नाही. काकांचा जुना आग्रह असा की या चार आठवड्यांत घरात नाताळचा गोंगाट नको. माझा आग्रह असा की या चार आठवड्यांत काम केले नाही तर शेवटच्या तीन दिवसांत घरात फक्त चिडचिड उरेल. आम्ही त्यातून एक वाट काढली. 16 डिसेंबरला नोव्हेना, म्हणजे नाताळाआधीची नऊ दिवसांची प्रार्थना, सुरू होते, तोपर्यंत तळणीचे आणि घोटण्याचे सगळे जड काम संपवायचे, आणि 16 पासून 24 पर्यंतच्या संध्याकाळी वहीत कोऱ्या ठेवायच्या. त्या वेळी चर्च, मुलांचा गायनाचा सराव आणि प्रायश्चित्त संस्कार (पापांची कबुली) याखेरीज काही नाही. काकांना हे पटले. खरे सांगायचे तर ही कोरी पानेच मला नंतर सर्वांत जास्त आवडली.

आता फराळाकडे येतो, कारण सगळी गुंतागुंत तिथेच होती. आमच्या घरी नाताळच्या ताटात नेवऱ्या (करंज्या), कुलकुल (मैद्याचे छोटे तळलेले गोड पदार्थ), दोदोल, दोस (चण्याच्या डाळीची वडी) आणि केक असतो. ही ताटे फक्त नातेवाइकांसाठी नसतात. दिवाळीत शेजाऱ्यांकडून आलेले डबे आम्ही रिकामे परत करत नाही, ते नाताळला भरून जातात. म्हणून मी पहिल्यांदा फडताळातले परके डबे काढून मोजले आणि त्यांवरून शेजाऱ्यांची यादी केली. आईची यादीही हीच असणार, फक्त ती फडताळात होती.

शेजार मिश्र आहे. समोर लिंगायत कुटुंब आहे, पलीकडे जैन आहेत, मागच्या गल्लीत मुसलमान आहेत आणि बाकी बहुतेक मराठे. म्हणजे एकच ताट सगळ्यांकडे जाऊ शकत नाही. लिंगायत आणि जैन घरांना अंड्याचा स्पर्श चालत नाही, मुसलमान शेजाऱ्यांना रममधला केक देता येत नाही. आई हे सहज सांभाळत असे, पण कसे ते कोणी कधी विचारले नव्हते. विचारल्यावर तिने सांगितले की बिनअंड्याचे सगळे पदार्थ आधी, स्वच्छ कढईत आणि ताज्या तेलात तळायचे, त्यांचे डबे भरून झाकण लावायचे, आणि मगच अंड्याचे मैद्याचे पीठ ओट्यावर आणायचे. मग वहीत फराळाचा क्रम चवीवरून न लावता या नियमावरून लागला. कुलकुलचे पीठ आम्ही त्या वर्षी सरसकट नारळाच्या दुधात, अंडे न घालता भिजवले. वहिनीच्या मते ते थोडे कडक झाले. मला तसेच आवडले.

टिकण्याचा प्रश्न वेगळा होता. नेवऱ्यांचे सारण ओल्या नारळाचे केले तर फार दिवस राहत नाही, म्हणून शेजाऱ्यांना आणि प्रवासात द्यायच्या नेवऱ्या सुक्या खोबऱ्याच्या, रवा आणि खसखस घालून, आधी केल्या, आणि घरी खाण्याच्या ओल्या नारळाच्या थोड्याच नेवऱ्या 23 तारखेला. कुलकुल साखरेच्या पाकात घोळवून घट्ट झाकणाच्या डब्यात चांगले राहतात, म्हणून ते सर्वांत आधी झाले. दोदोलसाठी मात्र मनुष्यबळ लागते. तांदळाचे पीठ, नारळाचे दूध आणि माडाचा गूळ कढईत पडला की तो तूप सोडेपर्यंत हात थांबवता येत नाही. आम्ही तो रविवारी ठेवला आणि घोटण्याच्या पाळ्या लावल्या. आई खुर्चीवर बसून रंग पाहून सांगत होती: अजून नाही, अजून नाही, आता उतरवा.

केकची फळे नोव्हेंबरच्या सुरुवातीलाच बरणीत गेली होती. घरच्या ओव्हनमध्ये इतके केक होत नाहीत. ओळखीच्या बेकरीवाल्याकडे पीठ साच्यांत भरून नेले की तो आपल्या भट्टीत भाजून देतो. डिसेंबरच्या मध्यानंतर त्याची भट्टी त्याच्याच मालाने भरलेली असते, म्हणून त्याच्याशी बोलणे आणि दिवस ठरवणे नोव्हेंबरच्या पानावर होते. मुसलमान शेजाऱ्यांसाठी फळे संत्र्याच्या रसात भिजवून वेगळा केक केला, आणि त्याच्या साच्यावर दोरा बांधून खूण केली.

मांसाहाराचे काम सोपे होते, कारण सोरपोतेल मुरल्यावरच चांगले लागते. डुकराचे मटण गावाकडून काकांनी 21 तारखेला आणले, 22 ला ते शिजले, आणि रोज एकदा उकळी देऊन ठेवल्यावर 25 ला ताटात आले. सान्ना, म्हणजे इडलीसारखे वाफवलेले तांदळाचे पदार्थ, आम्ही यीस्टवर करतो, ते त्याच दिवशीचे काम. बाकी मटण आणि कोंबडीची मागणी आदल्या आठवड्यात देऊन ठेवली. गॅसचा दुसरा सिलिंडर भरलेला आहे ना, ही नोंद वहीत होती आणि ती असायलाच हवी.

येशूजन्माच्या देखाव्याच्या गोठ्याचे काम मुलांकडे होते. गावाहून भाताचे पिंजर आले, आणि वाट्यांमध्ये नाचणी पेरून ती 25 पर्यंत हिरवी उंच व्हावी असा दिवस त्यांनी स्वतः मोजून काढला. मी त्यात लक्ष घातले नाही.

वहीचा दुसरा रकाना, म्हणजे नावांचा, मला पहिल्यापेक्षा महत्त्वाचा वाटतो. मोठ्या कुटुंबात "आपण सगळे मिळून करू" असे म्हटले की शेवटी ते एकाच बाईच्या अंगावर येते, आणि आमच्या घरात ती बाई वर्षानुवर्षे आई होती. म्हणून एका कामापुढे एकच नाव लिहायचे असे ठरले. मदतीला कितीही जण असोत, विचारायचे त्या एकाला. भावोजींकडे हिशेब होता: सामाईक खर्चाची रक्कम प्रत्येक घराने नोव्हेंबरमध्येच दिली आणि पावत्या एका पाकिटात जमा झाल्या. म्हापशाच्या भावाकडे गाड्या आणि स्टेशनवरून आणणे-सोडणे होते. आईचे नाव एकाच ओळीत होते: चव पाहणे. ती ओळ तिला आधी लागली. नंतर तिने स्वतःच तिच्याखाली "शेजाऱ्यांचे डबे भरणे" असे लिहिले, आणि ते काम शेवटपर्यंत कोणाला दिले नाही.

24 च्या रात्री मिस्सेहून परतल्यावर करायचे असे केक कापण्याखेरीज काही उरले नव्हते. 25 ला दुपारनंतर डबे घरोघर गेले. 26 च्या रात्री माजी पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या निधनाची बातमी आली आणि 27 ची काँग्रेसची सभा रद्द झाली, पण शहरात बंदोबस्त आणि गर्दी होतीच. शताब्दीचे दोन दिवस वगळूनच परतीची तिकिटे काढली असल्यामुळे बहीण 29 ला शांतपणे निघाली.

तीन राजांच्या सणाला, 6 जानेवारीला, मुलांनी गोठा उतरवला आणि त्याच दिवशी वहिनीने आणि मी वहीच्या आतल्या पानावर पुढच्या वेळच्या नोंदी केल्या. दोदोल कमी, कुलकुल जास्त. घोंगड्या गावाहून न मागवता इथेच घ्यायच्या. 23 डिसेंबरच्या प्रवासाचे आरक्षण आता 24 ऑक्टोबरला सकाळी 8 वाजता खुले होणार, तेव्हा ते काम बहिणीच्या नावावर. फराळाची सगळी पाने वहिनीने आपल्याकडे मागून घेतली, कारण क्रम लावणारा आणि कढईसमोर उभा राहणारा माणूस एकच असावा असे तिचे म्हणणे आहे. माझ्याकडे प्रवास आणि झोपण्याची व्यवस्था राहिली आहे, आणि देसाईकाकांना वरच्या मजल्याबद्दल गणपतीतच विचारायचे असे ठरले आहे.