31 लाखांची येणी आणि शिक्का नसलेलं चलन

2022 च्या ऑगस्टमध्ये बाबांची बायपास झाली आणि नाशिकमधल्या सातपूरच्या आमच्या पुठ्ठ्याच्या बॉक्सच्या कारखान्याचं ऑफिस माझ्याकडे आलं. त्याआधी बारा वर्षं मी शाळेत गणित शिकवत होते. तिसऱ्याच दिवशी पेपर मिलच्या एजंटचा फोन आला. "ताई, मागचे चार लाख आल्याशिवाय गाडी भरता येणार नाही. बाबांची तब्येत मला माहीत आहे हो, पण मिलवाले माझं ऐकत नाहीत." कागदाचे रील नाहीत म्हणजे मशीन बंद. बँकेचं सीसी (उचल घ्यायचं कर्ज) खातं काठोकाठ वापरलेलं. हिशोबाचं सॉफ्टवेअर, टॅली, उघडून बघितलं, तर येणी 31 लाख 40 हजार. पैसा आमचाच होता, पण सगळा दुसऱ्यांच्या खिशात.

मी लगेच फोन लावत सुटले, हे चुकलं. एका कंपनीच्या अकाउंट्समधल्या मॅडमनी शांतपणे विचारलं, "कुठलं बिल म्हणताय? पीओ नंबर सांगा, जीआरएन सांगा." पीओ म्हणजे त्यांची खरेदीची ऑर्डर, जीआरएन म्हणजे माल मिळाल्याची त्यांची नोंद. माझ्याकडे नुसता टॅलीतला आकडा होता. "बघून फोन करते," म्हणून मी फोन ठेवला. दिवसभरात असे पाच फोन झाले आणि पाचही वेळा मलाच गप्प बसावं लागलं.

बाबांच्या टेबलाला तीन खण. वरच्या खणात चलनं, म्हणजे मालासोबत जाणाऱ्या आणि पोचल्याची सही घेऊन येणाऱ्या पावत्या, तारेला टोचलेली, काहींवर गोंदाचे डाग. मधल्या खणात बिलांच्या ऑफिस कॉपी, तारखेप्रमाणे लावलेल्या. खालच्यात बाकी सगळं: बँकेची पत्रं, विम्याचे कागद, पत्रिका. बाबांना कुठला कागद कुठे आहे ते पाठ होतं, आणि ते आयसीयूत होते.

रविवारी कामगार नसताना मी शेडमध्ये थ्री-प्लायची (तीन पदरी पुठ्ठ्याची) मोठी शीटं अंथरली. एका शीटवर एक पार्टी. त्या पार्टीची ऑर्डर, चलन, बिल, ईवे बिल (माल वाहतुकीचा जीएसटीचा परवाना), जे सापडेल ते तिच्या शीटवर. सकाळी नऊला बसले, रात्री अकराला उठले. आजवर बिलं तारखेने लावली होती. मी ती पार्टीप्रमाणे लावली. वसुलीत याच्याइतकं उपयोगी पडलेलं दुसरं काही मला सांगता येणार नाही. पैसे तारखेकडे मागत नाही आपण, माणसाकडे मागतो. फोनवर पार्टी बोलत असताना तिचे सगळे कागद एका फाइलमध्ये, एका हाताच्या अंतरावर हवेत.

त्या रात्री 31 लाख 40 हजारांचे चार ढीग झाले. 9 लाख 20 हजारांची मुदतच अजून संपली नव्हती. 1 लाख 70 हजार 2015-16 सालचे. वकिलांनी बघताक्षणी सांगितलं की दाव्याची तीन वर्षांची मुदत केव्हाच उलटली आहे. 9 लाख 15 हजार खरोखर कोणीतरी द्यायचं टाळत होतं. आणि 11 लाख 35 हजार, म्हणजे सगळ्यात मोठा ढीग, आमच्याच चुकीने अडकला होता.

हे कळलं तेव्हा मला रडू आलं. बाबा वर्षभर "पार्ट्या पैसे देत नाहीत" म्हणून रात्री जागायचे. आणि इथे एका कंपनीचं 2 लाख 80 हजारांचं बिल अडलं होतं, कारण आमच्या बिलावर जुन्या पीओचा नंबर पडला होता. दुसरीने फक्त जीएसटीची रक्कम रोखली होती. आमच्याकडून जीएसटीआर-1 (विक्रीचं रिटर्न) भरताना त्यांचा जीएसटी नंबर चुकीचा पडला होता, त्यामुळे बिल त्यांच्या 2बी मध्ये, म्हणजे पोर्टलवरच्या त्यांच्या खरेदीच्या यादीत, दिसतच नव्हतं. तिसरीने बॉक्स कमी भरले म्हणून पैसे कापत असल्याची डेबिट नोट पाठवली होती. ती खालच्या खणात, न फोडलेल्या पाकिटात होती. हे सगळं दुरुस्त करायला मला सात आठवडे लागले. दुरुस्त बिल, सोबत चलनाची प्रत, आणि रिटर्नमधली दुरुस्ती दाखवणारा कागद. भांडण एकाशीही करावं लागलं नाही. दिवाळीपर्यंत त्यातले साडेनऊ लाख जमा झाले आणि मिलची गाडी सुटली.

त्याच खालच्या खणात एक पांढरी चिठ्ठी सापडली. बँकेचा रिटर्न मेमो. द्राक्षाच्या बॉक्सपोटी एका व्यापाऱ्याने 1 लाख 8 हजारांचा चेक दिला होता, तो खात्यात पैसे नाहीत म्हणून परत आलेला. मेमोला 47 दिवस होऊन गेले होते. चेक परतल्याचं कळल्यापासून 30 दिवसांत नोटीस द्यावी लागते, एवढं वकिलांनी सांगितलं तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. पण पुढे तेच म्हणाले, "चेकची तारीख बघा." 28 जून. चेक तीन महिने चालतो, म्हणजे तो अजून जिवंत होता. पुन्हा बँकेत भरला, पुन्हा परत आला, आणि या वेळी सहाव्या दिवशी रजिस्टर पोस्टाने नोटीस गेली. नोटीस मिळाल्यावर पैसे द्यायला 15 दिवस असतात. त्याने तेराव्या दिवशी एनईएफटी केलं. तेव्हापासून बँकेतून आलेला प्रत्येक कागद त्याच दिवशी उघडतो आणि त्यावर आल्याची तारीख पेनाने लिहितो.

फोनसाठी मी दोनशे पानी वही केली. तारीख, कोणाशी बोलले, ते काय म्हणाले (त्यांच्याच शब्दांत), पुढचा फोन कधी. सोमवारी करत नाही, त्या दिवशी समोरच्याच्या टेबलावर ढीग असतो. मंगळवारी आणि गुरुवारी अकरानंतर. आणि पैसे मागायच्या आधी एक गोष्ट विचारायला शिकले: "तुमच्याकडे पेमेंट कोणत्या तारखांना निघतं?" बहुतेक कंपन्यांत महिन्याच्या ठरलेल्या दोन तारखा असतात. त्याच्या आठ दिवस आधी फोन केला तर बिल यादीत बसतं. आदल्या दिवशी केला तर पंधरा दिवस पुढे जातं. "मॅडम, साहेब टूरवर आहेत" हे वाक्य वहीत चार वेळा लिहिलं गेलं की पाचव्या वेळी मी त्या चारही तारखा ईमेलमध्ये घालून पाठवते. शब्द सौम्य ठेवते, तारखा मात्र एकही सोडत नाही.

31 मार्चच्या बाकीचं कन्फर्मेशन पत्र आता दरवर्षी प्रत्येक पार्टीकडून सहीशिक्क्यासह घेते. मुदत संपायच्या आत अशी लेखी कबुली मिळाली की तीन वर्षं नव्याने मोजली जातात. ते 1 लाख 70 हजार अशा पत्रांनी वाचले असते.

एक पार्टी मात्र खरंच नडली. यंत्रं बनवणारी दुसऱ्या जिल्ह्यातली कंपनी, बाबांची जुनी ओळख, 6 लाख 12 हजार. 180 दिवसांत पुरवठादाराला पैसे दिले नाहीत तर घेतलेलं इनपुट क्रेडिट (खरेदीवरच्या जीएसटीची वजावट) व्याजासकट परत करावं लागतं, हेही पत्रात लिहून पाहिलं. उत्तर नाही. शेवटी 2023 च्या मे महिन्यात समाधान पोर्टलवर, म्हणजे लहान उद्योगांच्या थकीत पैशांच्या तक्रारींसाठीच्या सरकारी पोर्टलवर, अर्ज केला. सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यायचे, लेखी करार नसेल तर 15 दिवसांत, असं 2006 चा एमएसएमई (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग) कायदा सांगतो. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट, महिन्याच्या चक्रवाढीने व्याज. तेव्हा बँक रेट 6.75 होता, म्हणजे 20.25 टक्के. आमची उद्यम नोंदणी (लहान उद्योग म्हणून सरकारकडची नोंद) सप्टेंबर 2021 ची आणि त्या पार्टीचं सगळ्यात जुनं बिल डिसेंबरचं, म्हणून निभावलं. नोंदणीच्या आधीच्या मालाला हे संरक्षण मिळत नाही. माझ्या मावसभावाचं हार्डवेअरचं दुकान आहे, उद्यम नोंदणीही आहे, पण नुसत्या व्यापाऱ्याला या तरतुदीचा फायदा नाही.

कायद्यात निकालाला 90 दिवस लिहिले आहेत. आम्हाला सुनावणीची पहिली तारीख मिळायलाच आठ महिने गेले. आणि त्या तारखेला समोरचे म्हणाले की दोन बिलांचा माल मिळालाच नाही. ती दोन चलनं मी घामेजल्या हातांनी उघडली. टेम्पोचा नंबर होता, सही होती, शिक्का नव्हता. सही कुणाची हे तेही ओळखेनात.

त्या रात्री बाबांनी त्यांचा जुना मोबाइल काढून दिला. दोघं मिळून मागे मागे सरकत गेलो. जानेवारी 2022 मध्ये त्यांच्याच स्टोअरमधून आलेला व्हॉट्सॲप मेसेज: भिजलेल्या बॉक्सचा फोटो, त्यावर आमचं छापलेलं नाव, खाली "यातले 40 बदलून द्या". तारीख चलनाच्या दुसऱ्या दिवसाची. पुढच्या तारखेला तो प्रिंट मी टेबलावर ठेवला आणि मालाचा मुद्दा तिथेच संपला.

समझोता झाला तो मुद्दलावर, तीन हप्त्यांत. बाबांना हे पटलं नाही. व्याज आपल्या हक्काचं आहे, ते का सोडायचं, असं त्यांचं म्हणणं आणि ते बरोबरही आहे. निकाल आपल्या बाजूने लागला तर आव्हान द्यायला समोरच्याला 75 टक्के रक्कम भरावी लागते, हेही मला माहीत होतं. पण पुढची दोन वर्षं तारखांना जायला माझ्याकडे माणूस नव्हता आणि मिलला पैसे हवे होते. मी सही केली. दोन हप्ते वेळेवर आले, तिसरा पाच आठवडे उशिरा, 2024 च्या जुलैत. त्या कंपनीला आम्ही आता माल देत नाही.

2024 च्या मार्चमध्ये इतर पार्ट्यांचे फोन आपणहून यायला लागले: "मॅडम, तुमचं उद्यम सर्टिफिकेट पाठवा." आयकराच्या कलम 43बी मधली नवी तरतूद लागू झाली होती, लहान उद्योगाचे पैसे मुदत उलटून वर्षअखेरपर्यंतही दिले नाहीत तर तो खर्च त्या वर्षी धरता येत नाही. मी सर्टिफिकेटसोबत प्रत्येकाला थकीत बिलांची यादीही जोडून पाठवली. नोंदणी क्रमांक आता बिलावरच छापलेला असतो.

आमचे टेम्पोवाले काका पूर्वी सही झाली की निघायचे. मागच्या आठवड्यात अंबडच्या एका गेटवर स्टोअरकीपर जेवायला गेला होता, तर काका दीड तास टेम्पोत बसून राहिले. पावणेतीनला माझ्या मोबाइलवर चलनाचा फोटो आला, निळा गोल शिक्का, आत तारीख स्पष्ट. खाली काकांनी लिहिलं होतं, "ताई, वाचता येतंय ना?"