उत्तर बरोबर, कशावरून?

गुरुजींचा दरारा, बाईंची माया, मैदानातला पिंपळ हे सगळं या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत इतर माजी विद्यार्थी लिहितीलच, आणि माझ्याहून चांगलं लिहितील. मी आपल्या शाळेतल्या एकाच गोष्टीबद्दल लिहितो: दुसरी ते चौथीचा वाचनाचा तास. आता प्राथमिक शिक्षकांबरोबर माझं काम वाचनाचंच असल्यामुळे त्या तासात काय होतं आणि काय नव्हतं, ते नीट दिसतं.

तासाचा साचा सर्वांना पाठ असेल. गुरुजी धडा एकदा वाचून दाखवत. मग रांगेने प्रकट वाचन, एकाचा परिच्छेद संपला की ‘हं, पुढचा’. मग फळ्यावर कठीण शब्दांचे अर्थ. शेवटी स्वाध्याय: एका वाक्यात उत्तरे लिहा, रिकाम्या जागा भरा, कोण कोणास म्हणाले. महाराष्ट्रातल्या बहुतेक शाळांत आजही हाच साचा चालतो. पस्तीस मिनिटांचा तास आणि चाळीस मुलं धरली तर एकेकाच्या वाट्याला मिनिटभरही वाचन येत नाही. उरलेला वेळ आपला परिच्छेद कितवा येणार हे मोजण्यात जातो. मोठी अडचण मात्र स्वाध्यायात आहे. पुढचा उतारा पाहा:

‘सकाळी चिमटूर गुबडीत झोरला. गुबडी फार टेपळ होती. म्हणून चिमटूरला ढोसकी आली.’

चिमटूर कुठे झोरला? गुबडीत. गुबडी कशी होती? फार टेपळ. चिमटूरला ढोसकी का आली? कारण गुबडी फार टेपळ होती. तीनपैकी तीन गुण, आणि कळलं काहीच नाही. मराठीचे प्रत्ययच उत्तर सांगून टाकतात: ‘-त’ दिसला की ‘कुठे’चं उत्तर, ‘म्हणून’च्या आधीचं वाक्य ते ‘का’चं. मुलं हे तंत्र दुसरीतच आपलं आपण शिकतात. प्रश्नातला शब्द धड्यात शोधायचा आणि ते वाक्य उतरवून काढायचं. वही लाल बरोबरच्या खुणांनी भरते, पालक खूश. पाचवीत गेल्यावर विज्ञानाचं पान समोर आलं की हेच मूल गप्प बसतं आणि सगळे म्हणतात, ‘आत्तापर्यंत तर हुशार होता.’

आपल्या शाळेत समजून वाचायला खरं शिकवलं जायचं ते शनिवारी. सकाळची शाळा, शेवटचा अर्धा तास, वेळापत्रकात त्याला नावही नव्हतं. बाई गोष्ट वाचून दाखवत आणि ऐन मोक्यावर पुस्तकात बोट घालून विचारत, ‘आता काय होईल?’ कुणी काही म्हटलं की लगेच दुसरा प्रश्न: ‘कशावरून?’ त्याला वहीत उत्तर नव्हतं आणि गुणही नव्हते. तरी वाचनाचं सगळं शास्त्र त्या दोन प्रश्नांत होतं. शनिवारची ही रीत सोमवारच्या धड्यात कशी आणायची, एवढंच मला इथे सांगायचं आहे.

१९८६ साली फिलिप गॉफ आणि विल्यम टनमर या संशोधकांनी वाचनाचं एक सोपं सूत्र मांडलं. समजून वाचणं म्हणजे अक्षरांवरून शब्द उलगडता येणं गुणिले ती भाषा ऐकून समजणं. बेरीज नाही, गुणाकार. दोहोंपैकी एक शून्य असेल तर उत्तर शून्य. त्यामुळे न समजणाऱ्या मुलाबाबत पहिली तपासणी सोपी आहे. तोच उतारा आपण वाचून दाखवायचा. ऐकून कळला तर अडचण अक्षरवाचनात आहे, ऐकूनही कळला नाही तर शब्द, वाक्यरचना किंवा विषयाची ओळख कमी पडते आहे. दोन्हींचे उपाय वेगळे. आपण मात्र दोघांनाही सरसकट ‘धडा पाच वेळा वाचून आण’ सांगतो.

अक्षरवाचनाच्या बाजूने अडचण असेल तर वेग बघावा लागतो. ‘निपुण भारत’ या २०२१ साली सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या अभियानाने दुसरीसाठी मिनिटाला ४५ ते ६० शब्द आणि तिसरीसाठी किमान ६० शब्द, तेही अर्थ समजून, असं लक्ष्य ठेवलं आहे. वेगाचा अर्थाशी संबंध असा, की मूल ‘पा…व…सा…ळ्या…च्या’ करत वाक्याच्या शेवटाला पोचेपर्यंत सुरुवात विसरलेलं असतं. पण हा आकडा जपून वापरावा. ‘घराजवळच्या’ हा मराठीत एक शब्द. त्यात नाम, शब्दयोगी अव्यय आणि प्रत्यय एकत्र चिकटलेले आहेत. असे शब्द ज्या उताऱ्यात जास्त, तिथे मिनिटाचा आकडा आपोआप घटतो. शिवाय घड्याळ दाखवलं की मुलं शर्यत लावतात, पूर्णविराम गिळतात. त्यापेक्षा साठ ते शंभर शब्दांचा एकच उतारा जोडीदाराबरोबर तीन-चार वेळा वाचावा, आणि पहिल्या वेळी पेन्सिलीने तुकडे पाडावेत: ‘पावसाळ्याच्या तोंडावर / शेतकरी / औतं / दुरुस्त करून घेतात.’ तुकडा चुकीच्या जागी पडला तर अर्थ कळलेला नाही, हे तिथल्या तिथे दिसतं. जोडी लावताना वर्गातला सगळ्यात पुढचा आणि सगळ्यात मागचा एकत्र बसवू नये. पुढचा कंटाळतो आणि मागचा नुसता मान डोलावतो. थोड्याच फरकाची जोडी टिकते.

सामान्यरूप, म्हणजे प्रत्यय लागताना शब्दाचं बदलणारं रूप, ही आणखी एक अडचण, आणि ती बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. ‘पाऊस’ वाचता येणारं मूल ‘पावसात’पाशी अडतं, ‘देऊळ’ येतं पण ‘देवळामागे’ नाही. बोलताना हे शब्द रोज तोंडात असतात, कागदावर मात्र ते अनोळखी दिसतात. फळ्याच्या एका कडेला कुटुंबं मांडावीत: पाऊस, पावसात, पावसाचा, पावसाळी. रोज दोन कुटुंबं पुरे.

‘असर’ या शिक्षणविषयक सर्वेक्षणात ग्रामीण भारतातल्या तिसरीच्या मुलांपैकी दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणारी २०२२ साली सुमारे २० टक्के होती, २०२४ साली सुमारे २७. हे आकडे मुख्यतः मोठ्याने वाचता येण्याचे आहेत. त्यातल्या किती जणांना वाचलेलं कळलं, हा पुढचा प्रश्न.

आता समजण्याची बाजू. डोलोरेस डर्किन या अमेरिकन संशोधिकेने चौथीच्या वर्गांत बसून वाचनाच्या तासांची ४४६९ मिनिटं मोजली. समजून कसं घ्यायचं हे शिकवण्यात त्यातली फक्त २० मिनिटं गेली होती. उरलेल्या वेळात प्रश्न विचारणं, उत्तरं तपासणं, स्वाध्याय देणं. तिचा अहवाल १९७८-७९ चा आहे. आपल्याकडच्या कुठल्याही तिसरीत घड्याळ घेऊन बसावं, चित्र फार निराळं दिसणार नाही. आपण समजलं का ते तपासतो आणि त्यालाच शिकवणं म्हणतो.

शिकवायचं म्हणजे काय, ते एका छोट्या उताऱ्यावर दाखवतो.

‘सकाळी आजीने गच्चीवर पापड वाळत घातले. दुपारी आभाळ भरून आलं. सुमी धावत वर गेली. खाली आली तेव्हा तिचे दोन्ही हात भरलेले होते. “शहाणी गं माझी बाय!” आजी म्हणाली.’

सुमीच्या हातात काय होतं, हे उताऱ्यात कुठेही लिहिलेलं नाही. ते तीन वाक्यं जोडून काढावं लागतं, आणि पावसात पापड भिजले की वाया जातात हे डोक्यात असावं लागतं. पहिल्यांदा विचारलं तर काही मुलं पहिल्या वाक्यातून ‘आजी’ उचलतात, काही ‘फुलं’ म्हणतात, एखादं ‘कपडे’ म्हणतं. इथे ‘चूक, बस खाली’ म्हटलं की तास संपला. ‘कशावरून?’ विचारायचं आणि बोट वाक्यावर ठेवायला लावायचं. ‘कपडे’ म्हणणारं मूल ‘वाळत’वर बोट ठेवतं. त्याचा विचार बरोबर दिशेने चाललाय, फक्त काय वाळत होतं ते मागे जाऊन पाहायचं राहिलं. ‘फुलं’ म्हणणाऱ्याला बोट ठेवायला जागाच सापडत नाही, आणि तिथे त्याचं त्यालाच कळतं. बरोबर उत्तर देणाऱ्यालाही हाच प्रश्न विचारावा. नाहीतर ‘कशावरून’ ऐकलं की आपलं चुकलं, असं मुलं समजतात आणि लगेच उत्तर बदलतात.

असं शिक्षकाने आधी स्वतः करून दाखवावं लागतं, तेही मोठ्याने विचार करत: ‘आभाळ भरून आलं… म्हणजे पाऊस येणार… वर पापड आहेत… म्हणून ती धावली असणार.’ हे ओशाळवाणं वाटतं, म्हणून बहुतेक जण टाळतात. पण मुलाला आपल्या डोक्यातली जोडणी दिसत नसते, फक्त तयार उत्तर दिसतं. आधी शिक्षक एकटे, मग वर्गाबरोबर, मग जोडीजोडीने, मग ज्याचं त्याने. चार टप्प्यांतला मधला एक गाळला की मुलं पुन्हा शब्द शोधून वाक्य उतरवायला लागतात. १९८४ साली पॅलिंक्सार आणि ब्राउन या संशोधिकांनी याचीच एक पद्धत मांडली: अंदाज बांधणं, प्रश्न काढणं, अडलेलं सोडवणं, थोडक्यात सांगणं, आणि हळूहळू मुलांनीच गटात शिक्षकाची जागा घेणं. चारही गोष्टी एकाच आठवड्यात सुरू करू नयेत. एक रुळली की दुसरी.

मराठीत सर्वनामांचा गोंधळ वेगळा हाताळावा लागतो. ‘मास्तर आणि पाटील देवळापाशी आले. ते बंद होतं. ते तसेच परत फिरले.’ पहिलं ‘ते’ देऊळ, दुसरं ‘ते’ माणसं, आणि फरक सांगतं क्रियापद: ‘होतं’ आणि ‘फिरले’. मोठ्यांना हे जाणवतही नाही. मुलांनी सर्वनामाला गोल करायचा आणि ज्याच्याबद्दल आहे त्या नामापर्यंत बाण काढायचा. उताऱ्यामागे तीन-चार बाण पुरतात. जास्त काढले की कागदाचं जाळं होतं.

घरच्या बोलीचा प्रश्न आपल्या अहिराणी बोलणाऱ्या भागात टाळता येत नाही. घरी ‘आठे-तठे’ आणि ‘शे’ म्हणणाऱ्या मुलाला ‘येथे’, ‘तेथे’, ‘आहे’ शिकवायचंच आहे. पण अर्थ कळला का, हे पाहताना प्रमाण मराठीची अट घातली की कळलेलं मूलही गप्प बसतं. आधी अहिराणीत सांगू द्यावं. समज तपासून झाली की मग तेच पुस्तकाच्या भाषेत मांडायला मदत करावी. एका प्रश्नात दोन परीक्षा घेऊ नयेत.

विषयाची ओळख किती वजनदार असते, हे डोना रेख्त आणि लॉरेन लेस्ली यांच्या १९८८ च्या प्रयोगात दिसलं. बेसबॉलवरचा उतारा दिल्यावर खेळ माहीत असलेली कच्ची वाचक मुलं, खेळ माहीत नसलेल्या पक्क्या वाचकांहून पुढे गेली. आपल्याकडे बेसबॉल नको. रावेर-यावलकडच्या पोराला केळीच्या बागेवरचा उतारा द्या; घड, फणी, खोड सगळं त्याच्या डोळ्यांसमोर असतं. त्याच पोराला भरती-ओहोटीचा धडा द्या, ‘ओहोटी’चा शब्दार्थ फळ्यावर लिहूनही चित्र उभं राहत नाही. अशा धड्याआधी पाच मिनिटं द्यावीत, परातीत पाणी घेऊन, फोटो दाखवून. पाचाची पंधरा झाली तर वाचायचं राहून जातं, आणि धडा शिक्षकाच्याच तोंडून संपतो. नवे शब्दही आधी तीन-चारच घ्यावेत, ज्यांच्याविना धडा अडेल तेवढे. बाकीचे वाचताना संदर्भाने सुटू द्यावेत.

चौथीत हे फार महत्त्वाचं ठरतं, कारण तिथे मजकुराची जातच बदलते. शिवछत्रपतींच्या इतिहासात तह, वतन, जहागीर येतात, नकाशे येतात, आणि गोष्ट वाचायची सवय तिथे अपुरी पडते. गणितातही हाच प्रकार. ‘राधाकडे १२ बोरं आहेत. ती सलमाच्या बोरांपेक्षा ४ ने जास्त आहेत. सलमाकडे किती?’ अर्धा वर्ग १६ लिहितो, कारण ‘जास्त दिसलं की बेरीज’ असं त्याला कुणीतरी शिकवलेलं असतं. ही चूक गणिताची नाही. कुणाकडे जास्त आहेत, हे आधी चित्र काढून ठरवायला लावलं की ८ येतात.

वाचून झाल्यावर लेखी प्रश्नांऐवजी आठवड्यातून दोनदा तरी गोष्ट तोंडी सांगायला लावावी. हाताची पाच बोटं वापरावीत: कोण, कुठे, काय अडलं, काय केलं, शेवटी काय झालं. मुलं ‘मग… मग… मग…’ अशी माळ ओवत जातात. तेव्हा ‘मग’वर बंदी घालून फक्त ‘म्हणून’ आणि ‘पण’ वापरायला सांगावं. ‘आभाळ आलं म्हणून सुमी धावली’ असं म्हणायला कारण कळलेलं असावं लागतं. या एका बदलाने चाळीस वह्या न तपासता शिक्षकाला कोण कुठे आहे ते समजतं.

सुवर्णमहोत्सवानिमित्त माजी विद्यार्थी शाळेला पुस्तकं देणार आहेत, असं ऐकतो. त्याबद्दल थोडं. शंभर वेगवेगळी पुस्तकं देण्यापेक्षा वीस पुस्तकांच्या पाच-पाच प्रती द्या, म्हणजे पाच जणांचा गट एकच पुस्तक समोर ठेवून ‘कशावरून’वर भांडू शकेल. पहिली-दुसरीसाठी १६ ते २४ पानांची, मोठ्या अक्षरांची, चित्रांची. तिसरी-चौथीसाठी निम्मी गोष्टींची आणि निम्मी माहितीची: प्राणी, यंत्रं, नकाशे, पाककृती. थोरांची चरित्रं कपाटात आधीच भरपूर आहेत. कपाट काचेचं आणि कुलूपबंद नको. मुलांच्या कमरेइतकी उघडी मांडणी हवी, आणि देवघेवीची वही चौथीच्या मुलांकडे. काही पुस्तकं फाटतील, काही हरवतील. तो खर्च देणगीत आधीच धरा, नाहीतर दुसऱ्या वर्षी पुन्हा कुलूप लागेल.