आमची वाटचाल: तीन वेढ्यांची चकली

आमच्या पाटीवर ‘कुरिअर सर्व्हिस’ लिहिलंय, पण डोंबिवली पूर्वेला कुणालाही विचारा, ‘फराळवाले ना?’ असंच म्हणतील. फराळ आम्ही करत नाही, काकू करतात. आम्ही तो पोचवतो, आणि न मोडता पोचवतो. हा फरक बावीस वर्षं मी लोकांना समजावतोय. एकदा एका पेपराच्या दिवाळी पुरवणीत आमच्यावर चार ओळी आल्या, तेव्हाही फोटो छापला काकूंच्या कढईचा. खोक्याचा नाही. असो.

१९९८ साली जिन्याखालच्या आठ बाय सहाच्या जागेत सुरुवात केली. चेक, कागदपत्रं, श्रावणात राख्या. परदेशाशी संबंध शून्य. तेव्हा परदेशी फराळ पाठवायची एकच पद्धत होती, ‘कोणी जाणारं आहे का?’ दसरा झाला की गल्लीतून हा प्रश्न फिरायला लागायचा. मग कुणाची तरी विहीण, कुणाचा तरी भाचा सापडायचा आणि त्याच्या बॅगेत आपला किलोभराचा डबा सरकवण्यासाठी त्याच्याकडे चहाला जावं लागायचं.

फराळाच्या आमच्या पहिल्या गिऱ्हाईक, पेंडसेनगरच्या आजी, याच प्रकाराला वैतागून आल्या. मुलगा न्यू जर्सीत. त्याच्यासाठी बेसनाचे लाडू त्यांनी एका ओळखीच्या बाईंबरोबर दिले होते. विमानतळावर बॅग जड भरली, बाईंनी डबा काढून सोडायला आलेल्या दिराच्या हातात ठेवला. लाडू अमेरिकेऐवजी शेजारच्या ठाकुर्लीला गेले. आजींना हे तीन महिन्यांनी कळलं, तेही दिराच्या बायकोनं ‘बेसन छान भाजलं होतं हो’ असं तोंडावर सांगितल्यामुळे.

“तू रोज दिल्लीला कागद धाडतोस, मग अमेरिकेला चार लाडू धाडता येत नाहीत तुला?” आजी म्हणाल्या. मला काही माहीत नव्हतं. मी म्हटलं, “येतात की.”

ही २००३ ची दिवाळी. लाडू, चकली, चिवडा, शंकरपाळे, सगळं मिठाईच्या पुठ्ठ्याच्या खोक्यात भरलं, वरून सुतळी. आठव्या दिवशी पोचलं. मुलाचा फोन आला की चकलीची परत भाजणी झालीय. मी पैसे परत करायला गेलो. आजींनी ते मोजून घेतले. पुढच्या वर्षी त्याच आजी, तीच पिशवी घेऊन पुन्हा दारात. “या वर्षी नीट भर,” एवढंच म्हणाल्या. मी धंदा शिकलो तो त्या एका वर्षात.

खोक्याबद्दल बोलायला मला कुणी बोलावत नाही, म्हणून इथेच बोलतो. तीन प्लायचं, म्हणजे तीन थरांचं, खोकं फराळाला चालत नाही. पाच प्लाय हवं, दहा किलोच्या वर सात प्लाय. आतल्या नालीदार कागदाची दिशा उभी हवी, आडवी असली की वरच्या ओझ्यानं खोकं बसतं. टेप इंग्रजी एच अक्षरासारखी, मधली शिवण आणि दोन्ही कडा. सुतळी नको, सरकत्या पट्ट्यावर अडकते. आणि आत पोकळी ठेवायची नाही. खोकं हलवून कानाशी धरायचं, आवाज आला तर परत उघडायचं. पोकळी भरायला लोक वर्तमानपत्राचे बोळे कोंबतात. मी चिवडा वापरतो. चिवड्याच्या सीलबंद पिशव्या तळाला, चारी बाजूंना आणि वर, मधोमध चकलीचे गोल डबे. चिवडा दाबला जातो, परत फुगतो, आणि त्याचं वजन तर लावलेलंच असतं. बबल रॅपचे पैसे गिऱ्हाईकानं का भरायचे?

वजनावरून आठवलं. गिऱ्हाईक काट्यावर चार किलो बघतं आणि बिल साडेसात किलोचं आलं की भांडतं. कुरिअरवाले दोन वजनं काढतात. एक काट्याचं, दुसरं आकाराचं: लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची, सेंटिमीटरमध्ये, भागिले ५०००. दोन्हींत जे जास्त, त्याचं बिल. चाळीस बाय तीस बाय तीसचं खोकं म्हणजे सात पूर्णांक दोन किलो, अर्ध्या किलोत वर ओढून साडेसात. आत नुसता कापूस भरला तरी तेवढंच. म्हणून नुसत्या चिवड्याचं मोठं खोकं पाठवणं म्हणजे हवेला विमानाचं तिकीट काढून देणं. चिवड्यात लाडू घाला. लाडू जड, जागा कमी. हे मी फुकट सांगतोय.

२००५ मध्ये काकू आल्या. त्या आधी पोळीभाजीचे डबे द्यायच्या. हात असा, की त्यांच्या भाजणीच्या वासानं शेजारच्या क्लासातली पोरं खिडकीत यायची. तांदूळ चार, हरभरा डाळ दोन, उडीद डाळ एक, मूठभर मूग डाळ, धने-जिरे, प्रत्येक जिन्नस वेगळा भाजलेला. पण पहिल्याच वर्षी आमचं वाजलं. काकूंना चकली खुसखुशीत हवी, म्हणजे मोहन सढळ. मोहन सढळ पडलं की चकली प्रवासात टिकत नाही, न्यू जर्सीतल्या एडिसनला पोचेपर्यंत रांगोळी. मी म्हटलं, “काकू, थोडं मोहन कमी करा.” त्या म्हणाल्या, “मग तू दगडच पाठव, ते मोडत नाहीत.” आठ दिवस बोलणं बंद. फराळाच्या हंगामात आठ दिवस.

मार्ग निघाला तो असा. मोहन काकूंचं, आकार माझा. चार-पाच वेढ्यांची मोठी चकली बाहेरच्या वेढ्यात मोडते. आम्ही तीन वेढ्यांची केली, शेवटचं टोक बोटानं आत दाबलेलं, व्यास डब्याच्या तोंडापेक्षा दोन सूत कमी. डब्यात एकावर एक, नाण्यांसारखी चळत, दर पाच चकल्यांना बटर पेपर. आणि तळल्यावर पूर्ण गार होईपर्यंत डबा बंद करायचा नाही. कोमट भरली की वाफ धरते आणि चकली सादळते. व्हॅक्यूम पॅकिंगवाले येतात अधूनमधून मशीन विकायला. त्यांना मी एक चकली देतो आणि म्हणतो, करा व्हॅक्यूम. मशीन घेऊन परत जातात.

खोकं तयार झालं की गिऱ्हाइकासमोर मी ते कमरेच्या उंचीवरून फरशीवर सोडतो. बायका किंचाळतात. मग उघडून दाखवतो. विमानतळावर याहून वाईट होतं, तर मोडायचंच असेल तर इथे मोडू दे. आजवर अशी चार खोकी मोडली, चारही माझ्या खर्चानं परत भरली.

प्रत्येक देशाचा नियम वेगळा. भिंतीवर कागद चिकटवलाय, हातानं लिहिलेला. अमेरिकेनं २००३ च्या डिसेंबरपासून खाण्याच्या मालाची आगाऊ वर्दी मागायला सुरुवात केली. घरी केलेलं आणि करणाऱ्यानंच भेट म्हणून पाठवलेलं त्यातून सुटतं, विकत घेतलेलं सुटत नाही. जर्मनी-फ्रान्सला पेढे, खवा अजिबात नाही. दुबई आणि सिंगापूरला खसखस नाही! हे लाल शाईत आहे. २००९ मध्ये मी काकूंचे अनारसे दुबईला पाठवले होते, वर छान खसखस लावलेली. पार्सल अडकलं आणि ज्याच्या नावावर गेलं त्या बिचाऱ्याला दोनदा जाऊन खुलासा करावा लागला. आपल्याकडे खसखस सारणात घालतात, तिकडे ती अमली पदार्थांच्या यादीत. तेव्हापासून दुबईचं नाव काढलं की मी पहिलं विचारतो, करंजीच्या सारणात काय आहे? गोडा मसाला कुणी केलाय, त्यात काय आहे? लोकांना राग येतो. येऊ दे.

त्यानंतर २०१९ पर्यंत सांगण्यासारखं काही नाही. गाळा मोठा केला, अन्नपदार्थांचा परवाना काढला, मुलगी सी.ए. झाली.

२०२० ला वाटलं संपलो. २३ मार्चपासून परदेशी प्रवासी विमानं बंद. पण झालं उलटं. जाणारं कोणीच नाही म्हटल्यावर सगळी डोंबिवली आमच्या दारात. मालविमानं चालू होती, दर चढे होते, लोकांनी दिले. त्या दिवाळीत मी आणि आमचा एक हाताखालचा मुलगा, दोघांनी मिळून रात्री दोन-दोनपर्यंत खोकी भरली. हा मुलगा दहावी नापास झाल्यावर माझ्याकडे आला होता. टेप कशी ओढायची इथपासून मी शिकवलं. त्याच्या बहिणीच्या लग्नाला उचल दिली. ती फिटली, खोटं बोलणार नाही.

२०२१ च्या गणपतीत त्यानं सांगितलं, “काका, मी स्वतःचं करतोय.” मी म्हटलं कर. कुठे, हे त्यानं सांगितलं नाही. आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून. माझ्या वहीतले फोन नंबर त्याच्या मोबाइलमध्ये होतेच. भिंतीवरच्या कागदाचा फोटो काढून त्यानं तोच छापून लावला, खसखशीसकट, माझ्या शुद्धलेखनाच्या चुकीसकट. चकली तीन वेढ्यांची. चिवडा खाली-वर. पाटीवर दिवे फिरणारे. पहिल्या वर्षी माझी एक तृतीयांश गिऱ्हाइकं गेली. पेंडसेनगरच्या आजींना त्याचा माणूस घरी जाऊन पत्रक देऊन आला. आजींनी त्या पत्रकाच्या पाठीवर फराळाची यादी लिहिली आणि माझ्याकडे आणून दिली.

एक गोष्ट मात्र त्यानं उचलली नाही. तो खोकं टाकून दाखवत नाही.

मग आलं २०२५. अमेरिकेचा माल आमच्या निम्म्याहून जास्त. जुलैत मी सातशे खोकी छापून घेतली, पतपेढीचं कर्ज काढून. काकूंनी धान्य भरलं. आणि २५ ऑगस्टपासून टपाल खात्यानं अमेरिकेची पार्सलं थांबवायला सुरुवात केली. २७ ला गणपती बसले, त्याच दिवशी अमेरिकेनं आपल्या मालावरचं शुल्क ५० टक्क्यांवर नेलं. २९ ला आठशे डॉलरपर्यंतच्या पार्सलांना असलेली शुल्कमाफी गेली. म्हणजे तीन हजारांचा फराळ भेट म्हणून सुटला नाही, तर त्यावर दीड हजाराच्या घरात शुल्क, वर कुरिअर कंपनीची हाताळणी, ती प्रत्येकाची वेगळी आणि रोज बदलणारी. एका एजन्सीनं मला सकाळी एक आकडा सांगितला आणि संध्याकाळी दुसरा. लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला. पितृपक्ष संपला तेव्हा माझ्याकडे अमेरिकेच्या अडतीस ऑर्डरी होत्या. आदल्या वर्षी तोवर चारशेच्या पुढे होत्या.

त्या दिवसांत मी दुकानात बसून कोऱ्या खोक्यांकडे बघायचो. घडी घातलेली सातशे खोकी छतापर्यंत जातात. आमच्या सौ. म्हणाल्या, रद्दीत किती येतील ते तरी विचारून ठेवा. विचारलं. ते इथे लिहीत नाही.

आणि दोन गल्ल्या सोडून बोर्ड लागला: ‘अमेरिका, ड्युटी आमच्याकडे’. भाव जुनाच. हे कसं जमतं ते धंद्यातल्या माणसाला सांगायला नको. कागदावर माल दुसराच दाखवायचा. माझी आणखी वीस-पंचवीस माणसं तिकडे गेली. मी कुणाला काही बोललो नाही. दोघा-तिघांना फक्त म्हटलं, “पावतीवर काय लिहिलंय ते वाचा.”

आजी आता चौऱ्याऐंशीच्या. गुडघे गेलेत, रिक्षानं येतात. शुल्काचं सगळं मी समजावून सांगितलं, त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, “मग कोणी जाणारं आहे का?”

वीस वर्षं ज्या प्रश्नावर मी पोट भरलं, तोच प्रश्न. पण नातवंडं सांभाळायला, बाळंतपणाला जाणारे आई-बाप डोंबिवलीत बारा महिने असतात. मी त्याच दिवशी फडके रोडच्या बॅगांच्या दुकानात टेप घेऊन गेलो आणि मोठ्या बॅगांची आतली मापं घेतली. दुकानदाराला वाटलं म्युनिसिपालटीचा माणूस आहे. बेचाळीस बाय बत्तीस बाय बावीसचं खोकं बसतं, भोवती कपडे राहतात, वजन सहा किलो, तेवीस किलोच्या बॅगेत सहज. छापील खोकी कापून, पट्टी मारून या मापाची करून घेतली. नाव ठेवलं ‘बॅगेतला फराळ’. दसऱ्यापासून धनत्रयोदशीपर्यंत दोनशे साठ गेली. बाकी कॅनडा, लंडन, मेलबर्नचा माल होताच. नफा झाला नाही, पण पतपेढीचा हप्ता चुकला नाही. पंधरा ऑक्टोबरला टपाल परत सुरू झालं, सणाला सहा दिवस राहिलेले असताना. त्यांचे आभार.

हे करताना एक नियम ठेवला. ज्याचा फराळ त्याच्याच घरचा माणूस नेणार, आणि खोकं त्याच्यासमोर भरणार. दुसऱ्याचं बंद पुडकं विमानात नेऊ नका, मग तो सख्खा मेहुणा असो. आणि तिकडे उतरल्यावर खाण्याचं काही आहे का विचारलं, तर हो म्हणा. लाडू आहेत, म्हणा. लपवलेला लाडू महाग पडतो.

आजींचं खोकं त्यांच्या शेजारणीची सून घेऊन जाणार होती. मी म्हटलं, नियमात बसत नाही. आजींनी माझ्याकडे असं बघितलं की मी तिला दुकानात बोलावून, एकेक डबा उघडून दाखवून तिच्यासमोर भरलं. शिवाय खोकं टाकूनही दाखवलं.

नोव्हेंबरात, तुळशीचं लग्न झाल्यावर, एक गृहस्थ भलंमोठं खोकं घेऊन आले. दोन गल्ल्या सोडून भरलेलं, अमेरिकेहून परत आलेलं, टेपवर टेप. म्हणाले, निदान आता कॅनडाला मेहुण्याकडे तरी जाईल का? मी उघडलं. चिवडा सादळला होता, लाडवांना वास. पण चकलीचे डबे मधोमध, चळत सरळ, बटर पेपर दर पाचाला, आणि एकही मोडलेली नाही.

मी दोनदा मोजल्या. मग चिवडा बदलायला सांगितला, खोकं नवीन दिलं, आणि भरायची मजुरी घेतली. पूर्ण.