ट्रॅक्टरला मागचे लाईट बसवताना

सोयाबीन निघालं की हरभऱ्यासाठी रान तयार करायला फार दिवस हातात नसतात. आमचं रान औसा तालुक्यातलं, काळं. ऑक्टोबरच्या उन्हात वापसा, म्हणजे मशागतीजोगी ओल, बघता बघता उडतो, आणि वरचा थर एकदा वाळला की रोटर मारूनही ढेकळं तशीच राहतात. म्हणून त्या दिवसांत ट्रॅक्टर रात्रीही चालतो. पुढचे दिवे बरे आहेत, अडचण मागे. मडगार्डवर कंपनीने दिलेला एक पिवळट बल्ब होता, त्यात अवजार जागेवर आहे एवढंच कळायचं. पेरणी यंत्राची नळी मातीने तुंबली, बी पडायचं थांबलं, तर ते त्या उजेडात दिसत नाही. पुढच्या आठवड्यात उगवण झाली की मोकळं तास दिसतं, आणि तेव्हा बोंबलून उपयोग नसतो.

लाईट घेताना दुकानात सगळ्या डब्यांवर वॅटच्या बढाया. मी चौकोनी, १६ एलईडीचे दोन घेतले, डब्यावर ‘४८ वॅट’ छापलेलं. बसवण्याआधी घरी सुट्या बॅटरीवर लावून मल्टिमीटरने करंट मोजला. मीटरची लाल पिन १० अँपिअरच्या खाचेत घालायची आणि मीटर वायरीच्या मधे जोडायचा, एवढंच काम आहे. एका लाईटने जेमतेम १.६ अँपिअर घेतले, म्हणजे १३ व्होल्टला साधारण २१ वॅट. हा प्रकार स्वस्तातल्या बऱ्याच लाईटमध्ये असतो, त्यामुळे मला आश्चर्य वाटलं नाही. उजेड पुरेसा होता. जुना ५५ वॅटचा हॅलोजन एकटा साडेचार अँपिअर खातो, त्यापुढे हे दोन्ही मिळून ३.२ म्हणजे बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरला काहीच नाही. एक गोष्ट मात्र बघून घेतली: लांब झोत टाकणारे स्पॉट नकोत, पसरट उजेडाचे फ्लड हवेत. मागे दोन-तीन मीटरवरचं अवजार बघायचं आहे, शेजारच्याचा बांध नाही.

आमच्याकडचे वायरिंगवाले मामा जुने, हात चांगला. लाईट बघून म्हणाले, “मालक, पार्किंगच्या वायरीला टोचून देतो, दहा मिनिटांत मोकळे.”

“मामा, रिले टाकू. बॅटरीवरून वेगळी लाईन घेऊ.”

“एवढ्याशा लाईटला रिले? उगाच पैसे जास्त झालेत का?”

रिले म्हणजे स्विचच्या थोडक्या करंटवर बॅटरीचा मोठा करंट जोडणारी डबी. खरं सांगायचं तर मामांचं अर्धं बरोबर होतं. सव्वातीन अँपिअर साधं स्विचही सहन करतं. पण आमचा ट्रॅक्टर जुना, डॅशमधल्या स्विचचे पॉइंट आधीच काळे पडलेले, आणि पार्किंगची वायर बारीक. उद्या पुढे आणखी दोन लाईट लावायचे म्हटलं तर परत सगळं उसकटायला लागलं असतं. शिवाय पार्किंगला जोडलं की रस्त्यावर पार्किंग लावताच मागचे पांढरे लाईटही पेटणार. हे ऐकल्यावर मामा गप्प बसले आणि रिले हातात घेतला.

जोडणी अशी केली. आमची बॅटरी पुढे, रेडिएटरच्या समोर आहे. तिच्या प्लसवरून निघालेल्या वायरीवर वीतभर अंतरातच १० अँपिअरचा फ्यूज. फ्यूज लाईटसाठी नसतो, वायरीसाठी असतो. तो मागे लाईटजवळ बसवला तर मधली चार मीटर वायर उघडी पडते. कुठे घासून बॉडीला लागली तर फ्यूज उडणारच नाही, वायर पेटेल. फ्यूजमधून लाईन रिलेच्या ३० नंबरच्या पिनला, ८७ वरून मागच्या लाईटला. ८६ ला स्विचमधून आलेली वायर, ८५ अर्थला, म्हणजे मायनसला. स्विचला करंट चावीच्या पुढून घेतला, म्हणजे चावी काढली की लाईट बंद. हे दोन लाईट रात्री आठ तास विसरून चालू राहिले तर बॅटरीतले २५ अँपिअर-अवरच्या वर खर्च होतात, आणि आमच्या ७५ च्या बॅटरीला थंडीतल्या पहाटे सेल्फ मारताना ते परवडत नाही.

मुख्य वायर २.५ चौरस मिमी तांब्याची. एलईडीच्या आत करंट सांभाळणारं छोटं सर्किट असतं, त्याला ड्रायव्हर म्हणतात; त्याला अर्धा व्होल्ट कमी मिळाला तरी चालतं, त्यामुळे नुसत्या हिशेबाने १ ची वायरही पुरली असती. हॅलोजन असता तर गोष्ट वेगळी: व्होल्टेज दहा टक्के पडलं की त्याचा उजेड जवळपास तीस टक्के पडतो. मी जाड वायर घेतली ती ताकदीसाठी. ट्रॅक्टरवर वायर विजेच्या भारापेक्षा हादऱ्याने, चिखलाने आणि उंदराने जास्त मरते. सायलेन्सरच्या विरुद्ध बाजूने, फ्लेक्सिबल पाईपात घालून मागे नेली. जोडांना डाग (सोल्डर) दिला नाही, कारण डाग दिलेली वायर हादऱ्याने डागाच्या कडेला तुटते. थिंबल, म्हणजे वायरीच्या टोकाला बसणारी धातूची टोपी, दाबून वर गरम केल्यावर आवळणारी हीट स्लीव्ह चढवली. नुसतं पीळ देऊन टेप गुंडाळायला मामांचा हात शिवशिवत होता, पण ऐकलं त्यांनी.

सगळ्यात जास्त वेळ गेला अर्थिंगला, आणि तो द्यायलाच हवा. मडगार्ड लोखंडाचंच आहे म्हणून तिथेच स्क्रूखाली मायनस दाबायची पद्धत सगळीकडे आहे. पण मडगार्डला रंग, बोल्टला गंज, मधे कुठे रबराचा वायसर. तरी खात्री करावी म्हणून तात्पुरतं तसं जोडून, लाईट चालू ठेवून लाईटचं मायनस आणि बॅटरीचं मायनस यांच्यात मीटर धरला. एक व्होल्टच्या वर दाखवला. म्हणजे परतीच्या वाटेतच तेवढं सांडत होतं, आणि मडगार्डवर हात आपटला की लाईट डोळे मिचकावत होता. मग मायनसचीही २.५ ची वेगळी वायर थेट बॅटरीपर्यंत आणली. परत मोजलं तर ०.१ व्होल्टही नाही. वायर दुप्पट लागली, पण लाईट मिचकावतो म्हणून रात्री अकराला रानात वायरी हुडकत बसणं टळलं.

ब्रॅकेट वेल्डिंग करायच्या आधी बॅटरीचे दोन्ही टर्मिनल काढले, आधी मायनस. वेल्डिंगच्या करंटने अल्टरनेटरचे डायोड जाऊ शकतात. वेल्डरला घाई होती, “काही होत नाही हो” म्हणाला. मी पाना हातातच धरून उभा राहिलो.

लाईट छताच्या मागच्या कोपऱ्यात लावावेत असं घरच्या सगळ्यांचं मत होतं. तिथून रोटरची धूळ उजळून निघते आणि ड्रायव्हरला पांढरा पडदा दिसतो. नजरेच्या रेषेपासून लाईट जितका लांब, तितकी धूळ कमी चमकते. म्हणून मडगार्डच्या बाहेरच्या कडेला, खालच्या अंगाला बसवले, थोडे आत वळवून. तिथे एक तपासणी लागते: अवजार जोडून लिफ्ट पूर्ण वर-खाली करून बघायची, कुठली वायर ताणते का, ब्रॅकेटला काही लागतं का. अवजार फिरवणाऱ्या पीटीओच्या शाफ्टकडे वायरीचं टोकसुद्धा जाता कामा नये.

एक गंमत राहिली. लाईट लावले की एफएमवर घरघर सुरू व्हायची. स्वस्त एलईडीच्या ड्रायव्हरचा तो आवाज असतो. लाईटची वायर रेडिओच्या एरियलपासून बाजूला सरकवल्यावर बराच कमी झाला, पूर्ण गेला नाही. पुतण्याचं म्हणणं, फोनवरच गाणी लावा.

स्विच आम्ही लाल दिव्याचं घेतलंय, लाईट चालू असला की डॅशवर दिसतं. ट्रॉली जोडून डांबरीवर लागताना ते बंद करणं ड्रायव्हरच्या कामात धरलंय. मागून येणाऱ्याला ट्रॅक्टरचे मागचे दिवे लालच दिसले पाहिजेत, पांढऱ्या झोताने मोटारसायकलवाल्याचे डोळे दिपले तर तो सरळ ट्रॉलीखालीच येईल.