कळसूबाईच्या शिडीपाशी

शिडी चढून लिंबू सरबत घेतलं आणि मावशींना सहज विचारलं, रोज एवढा भारी व्ह्यू मिळतो, मजा ना? त्या ग्लास विसळत म्हणाल्या, "मी ढगच बघते गं बाई. खाली भात कापून पडलाय."

तो पाण्याचा हंडा मावशी पायथ्याच्या बारी गावातून डोक्यावर आणतात. रोज. माझ्या पाठीवर फक्त दोन लिटर होतं.

वर १६४६ मीटरवर देवीच्या देवळापाशी पोचले, एकीकडे भंडारदऱ्याचं पाणी, दुसरीकडे अलंग-मदन-कुलंगचे किल्ले, खरंच डोळे भरून आले, पण नजर सारखी खाली पिवळ्या खाचरांकडेच जात होती.

उतरताना मावशी जागेवर नव्हत्या. आभाळ काळं झालं होतं. भात झाकून झाला असेल ना?