टेस्टर पेटतो, दिवा पेटत नाही

इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या जुन्या घरात गेल्या पावसाळ्यापासून देवघराचा आणि लगतच्या बोळाचा दिवा अधूनमधून एकदमच जात असे आणि काही वेळाने, कोणी हात न लावता, परत येत असे. बटन बदलले, होल्डर बदलला, दोन्ही बल्ब बदलले, आठवडाभर बरे चालले की आई पुन्हा हाक मारी, "अरे, देवापाशी अंधार झाला बघ."

माझी दिशाभूल टेस्टरने केली. दिवा गेलेला असताना होल्डरच्या दोन्ही टोकांना टेस्टर पेटत होता, म्हणून वीज येते आहे असे मी धरून चाललो. वास्तविक दोन्ही टोकांना पेटणारा टेस्टर न्यूट्रल म्हणजे परतीची तार तुटल्याची खूण असते, कारण फेज, म्हणजे वीज आणणारी तार, बल्बमधून पलीकडच्या टोकापर्यंत पोचतो, पण परतीची वाट बंद असल्याने प्रवाह वाहत नाही. मल्टिमीटर लावल्यावर फेज आणि न्यूट्रल यांच्यात जवळजवळ शून्य, तर न्यूट्रल आणि अर्थिंग यांच्यात सुमारे २३० व्होल्ट दिसले. म्हणजे न्यूट्रलची जी काळी तार आपण निर्धोक समजतो तीच त्या वेळी प्राणघातक असते. मेन बंद करून खात्री केल्याशिवाय बोर्ड उघडू नये, हे मी फार कळकळीने सांगतो.

दोष नेमका कुठे, हे मात्र वहीने सांगितले. दिवे जाण्याची वेळ आणि त्या वेळी घरात काय चालू होते, एवढेच मी लिहीत गेलो; प्रत्येक नोंदीत इस्त्री निघाली. बोळातल्या बोर्डावरचे सॉकेट दिव्यांच्याच लाइनवर होते. इस्त्रीही त्याच क्षणी बंद पडत असे, पण ती तापल्यावर आपोआप थांबतेच, म्हणून कोणाला शंका आली नाही.

वायरमनकाकांनी मेन बंद करून बोर्ड उघडला, तेव्हा मागे न्यूट्रलचा एक जॉइंट सापडला: जुनी ॲल्युमिनियमची तार आणि नंतर ओढलेली तांब्याची तार नुसती पिळून टेप गुंडाळलेली, आणि तो टेप करपलेला. ॲल्युमिनियमवर चढणारा ऑक्साइडचा थर वीज नीट वाहू देत नाही, शिवाय तापल्यावर ते तांब्यापेक्षा अधिक प्रसरण पावते आणि दर खेपेस जॉइंट थोडा सैल होतो. ७५० वॉटची इस्त्री साधारण ३.३ अँपिअर घेते. सैल जॉइंटचा रोध एक ओहम जरी धरला, तरी तेवढ्याशा जागी सुमारे ११ वॉट उष्णता साठते. एमसीबी, म्हणजे जादा प्रवाह झाला की आपोआप पडणारा स्विच, हे ओळखत नाही, कारण प्रवाह मर्यादेपलीकडे जातच नाही. तापला की जॉइंट सुटे, निवला की पुन्हा टेके.

काकांनी करपलेला भाग कापून दिव्यांसाठी तांब्याची १.५ चौरस मिलिमीटरची सलग तार ओढली आणि इस्त्रीला २.५ चौरस मिलिमीटरची स्वतंत्र लाइन दिली. उरलेल्या तीन बोर्डांमागेही असलेच जॉइंट आहेत. ते पुढच्या रविवारी उघडायचे आहेत आणि तोवर त्यांच्यावर दिव्यांखेरीज काहीही लावायचे नाही, असे घरात सर्वांना सांगितले आहे.