जालियनवाला बाग आणि दरबार साहिबमधील अरदास

अमृतसरला जाणाऱ्याने आधी जालियनवाला बाग पाहावी आणि मग दरबार साहिबचे, म्हणजे सुवर्णमंदिराचे, दर्शन घ्यावे, असे मी आवर्जून सुचवेन. दोन्ही ठिकाणे एकमेकांपासून पायी काही मिनिटांवर आहेत. बागेत मनावर येणारा भार कुठे उतरवायचा, हे मला दरबार साहिबमध्येच उमगले.

बागेत जाण्याची वाट म्हणजे आजही तोच अरुंद बोळ. २०२१ च्या नूतनीकरणात त्याच्या भिंतींवर नागरिकांची शिल्पे बसवण्यात आली. त्यामागचा आदरभाव मला कळतो, तरी उघड्या भिंतींमधून चालताना जे जाणवले असते ते या सजावटीने थोडे झाकले गेले, असे माझे प्रामाणिक मत आहे. कारण १३ एप्रिल १९१९ रोजी जनरल डायरच्या चिलखती मोटारी याच बोळात शिरू शकल्या नाहीत म्हणून बाहेर राहिल्या, आणि त्या आत नेता आल्या असत्या तर बहुधा मशीनगनही वापरल्या असत्या, असे त्याने पुढे या हत्याकांडाची चौकशी करणाऱ्या हंटर समितीसमोर सांगितले.

तो बैसाखीचा दिवस होता. रौलट कायद्याला विरोध करणारे डॉ. सत्यपाल आणि डॉ. सैफुद्दीन किचलू यांच्या अटकेने शहर धुमसत होते. पण बागेत जमलेल्यांमध्ये सणासाठी आसपासच्या खेड्यांतून आलेले, सभाबंदीची खबरही नसलेले पुष्कळ लोक होते. सुमारे दहा मिनिटांत १,६५० गोळ्या झाडल्या गेल्या. सरकारी आकडा ३७९ मृतांचा आहे, तर काँग्रेसच्या चौकशीत तो हजाराच्या घरात होता. भिंतीवरील गोळ्यांच्या खुणा पांढऱ्या चौकटींनी दाखवल्या आहेत. त्यातल्या एकीत विटेचा कोपराच उडालेला दिसतो. जीव वाचवण्यासाठी कित्येकांनी उड्या घेतल्या ती विहीरही जवळच आहे.

मला मात्र सर्वांत जास्त आठवण झाली ती रतनदेवींची. बागेजवळ राहणाऱ्या या बाईंनी प्रेतांच्या राशीतून पतीचा देह शोधून काढला. परंतु रात्री आठनंतर संचारबंदी असल्यामुळे तो घरी न्यायला कोणी येऊ शकेना. कुत्र्यांना हुसकावण्यासाठी बांबूची काठी हाती घेऊन त्या रात्रभर तिथेच बसून राहिल्या. जवळच साधारण बारा वर्षांचा एक जखमी मुलगा विव्हळत होता आणि मला सोडून जाऊ नका अशी विनवणी करत होता. थंडी वाजत असेल तर अंगावर पांघरूण घालू का, असे त्यांनी त्याला विचारले. त्याने पाणी मागितले आणि पाणी तिथे कुठेच नव्हते. स्वतःचे सर्वस्व समोर पडलेले असताना परक्या लेकराची विचारपूस करणाऱ्या त्या माउलीला मी तिथेच हात जोडले.

ही जमीन १९२० मध्ये लोकवर्गणीतून विकत घेतली गेली. आज आपण तिथे उभे राहू शकतो, ते वर्गणी देणाऱ्या असंख्य अनाम माणसांमुळे, आणि त्यांचे ऋण हुतात्म्यांच्या ऋणाइतकेच मानले पाहिजे.

तिथून दरबार साहिबकडे गेलो. आपल्या नामदेवांची ६१ पदे ज्या गुरू ग्रंथसाहिबात आहेत, त्याच्या साक्षीने अरदास, म्हणजे शिखांची सामूहिक प्रार्थना, सुरू झाली. ज्यांनी धर्मासाठी शिर दिले, ज्यांनी वाटून खाल्ले, ज्यांनी इतरांचे दोष पाहूनही न पाहिल्यासारखे केले, अशा सर्वांचे स्मरण तिच्यात होते, आणि प्रत्येक स्मरणानंतर संगत एकमुखाने ‘वाहेगुरू’ म्हणते. या स्मरणात सूडाची मागणी नाही. शेवटी सर्वांचे भले मागितले जाते. शोक विसरायला न लावता त्याला कृतज्ञतेत सामावून घेणारी अशी रोजची प्रार्थना असणे हे मला फार मोठे वाटते. पुढच्या ‘वाहेगुरू’बरोबर मी मनात रतनदेवींचे नाव घेतले, त्या मुलासाठीही प्रार्थना केली आणि मग लंगरच्या सेवेत भांडी घासायला जाऊन बसलो.